इंजिनात ठेवलेली माया

भावजी,

तुमच्याबद्दल लिहायला बसले आहे आणि तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. "वहिनी, माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे?" असं तुम्ही म्हणाल. तेही तोंडात टाचण्या धरून, म्हणजे ऐकू येणार नुसतं "हम्म हम्म हम्म". म्हणून विचारतच नाही. शिवाय "तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत" असं लिहिलं तर वाक्यावाक्याला आडवे याल. त्यापेक्षा परक्या माणसाची गोष्ट सांगावी तशी सांगते. गोष्टीत एक वहिनी येईल, तिलाही सवलत मिळणार नाही. आता गप्प बसा आणि ऐका.

शिंपी मास्तरांना सगळी गल्ली टाचणी मास्तर म्हणे. एक तर अंगाने तसेच, आणि दुसरं म्हणजे सकाळी दुकान उघडताना ओठांत धरलेल्या चार टाचण्या संध्याकाळी कुलूप लावतानाच बाहेर यायच्या. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी गावभराची मापं घेतली, पण लग्नाचं माप काही कुणाशी जुळवलं नाही. विचारलं की म्हणत, "ट्रायललाच फार वेळ जातो."

दुकान दोन दारांच्या रुंदीचं. पुढे काउंटर, मागे कापायचं लांब टेबल, खिडकीखाली पायमशीन, भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा. आणि कोपऱ्यात लाकडी घोडीवर उभं असलेलं एक काहीतरी, ज्यावर कायम कुणाचा ना कुणाचा कोट टांगलेला. नव्या गिऱ्हाइकाला तो पुतळा वाटे. कोट उचलला की खालून हिरव्या रंगाचे पोपडे, गंजलेली दांडी आणि तळाशी तीन पात्यांचा पंखा निघायचा, आणि गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं.

ते नावेच्या पाठीला लावायचं इंजिन होतं. बत्तीस वर्षांपूर्वी मास्तरांचे थोरले भाऊ, दादा, ते खांद्यावर टाकून घेऊन आले आणि "आठवडाभर ठेव रे, मग बघतो" म्हणून टेकवून गेले. तो आठवडा अजून संपायचा होता. मास्तर त्याला पाहुणा म्हणत. दर शनिवारी त्याच्यावरची धूळ झटकत आणि त्यापलीकडे एकमेकांच्या भानगडीत दोघेही पडत नसत.

दादा पोस्टमन. तळ्याच्या पलीकडच्या काठावरची पत्रं नावेतून पोचवायची, हे त्यांचं काम. अख्खी नोकरी त्यांनी वल्ही मारत केली. मधे हे इंजिन कुणाकडून तरी जुनं घेतलं, ते दोन हंगाम चाललं, एक दिवस भर तळ्यात तापून अडकलं. दादांनी त्याला शिव्या घातल्या, वल्ही पुन्हा हातात घेतली आणि निवृत्त झाल्यावरही सोडली नाहीत. पत्रं नसली तरी रोज सकाळी नाव काढायची, तासभर फिरायचं, घामाघूम होऊन घरी यायचं, आणि मग दिवसभर माणूस मऊ. वहिनींचा संसार या एका तासावर उभा होता.

यंदा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, आता वल्हं धरायचं नाही, एकाहत्तराव्या वर्षी हट्ट करायचा नाही.

घरात बसलेला नावाडी काय असतो, ते ज्याच्या घरात बसतो त्यालाच कळतं. दादांनी पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात अक्षरांप्रमाणे लावले. वहिनींनी पस्तीस वर्षं औषधांच्या प्रयोगशाळेत काढलेली, बाटल्या लावण्यातलं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी एका सकाळी मीठ घालायच्या जागी साखर घातली आणि मग जे बोलल्या ते शेजारच्यांनीही ऐकलं. तिसऱ्या आठवड्यात दादांनी डबे लावणं सोडलं. नुसते खिडकीशी बसू लागले. वहिनींना ते डब्यांपेक्षा वाईट वाटलं.

अशात तळ्याच्या वळणावर नवं हॉटेल काढलेला माणूस आला. त्याला दारात ठेवायला जुनी नाव हवी होती. नावेत माती भरायची आणि फुलं लावायची, अशी त्याची कल्पना. दादांनी एका दमात हो म्हटलं. "एकतीस तारखेला टेम्पो घेऊन या," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनी दादांची पँट कमरेत आत घ्यायला म्हणून दुकानात आल्या आणि हे सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या. भर दुपारी. वहिनींनी हे दृश्य पहिल्यांदाच पाहिलं.

"नावेत माती भरणार?"

"माती आणि फुलं."

"दादा काय म्हणाला?"

"म्हणाले, बसून कुजण्यापेक्षा फुलं उगवलेली बरी. नावेबद्दल म्हणाले. मला मात्र वाटलं, स्वतःबद्दलच बोलतायत."

मास्तर पँटकडे बघत राहिले. कमरेत दोन इंच आत घ्यायची होती. माणूस महिन्याभरात दोन इंच कमी झाला होता. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. पाहुण्यावर कुणाचा तरी करडा कोट होता.

"हे चालू केलं तर?"

"कोण करणार?"

"मी."

"भावजी, दिवा बदलायला तुम्ही मला बोलावता."

"दिवा उंचावर असतो, वहिनी. हे जमिनीवर आहे."

आता एक गोष्ट सांगायला हवी. टाचणी मास्तर पाण्याला भीत. सात वर्षांचे असताना दादांच्या नावेतून पडले होते. दादांनी शर्टाची कॉलर धरून वर ओढलं. कॉलर फाटली नाही म्हणून मास्तर वाचले. तेव्हापासून शिवणीवर त्यांचा विश्वास बसला आणि पाण्यावरचा उडाला. त्यानंतर ते नावेत बसले नव्हते, काठावरच्या बाकावरसुद्धा तळ्याकडे पाठ करून बसत.

असा माणूस त्याच दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद करून भावाकडे गेला.

"दादा, पाहुणा चालू झाला तर नाव देशील का?"

"कोण पाहुणा?"

"तुझं इंजिन."

दादा खिडकीकडून वळले. कितीतरी दिवसांनी ते हसले, पण हसणं काही बरं नव्हतं. "टाचण्या, ते मला जमलं नाही, तुला जमणार? हे बघ, एकतीसला टेम्पो येईल तेव्हा ते मशीन माझ्या नावेवर, पाण्यात, चालू असलं, तर टेम्पो रिकामा परत. नसलं तर नाव जाईल. हॉटेलवाल्यालाही तसंच सांगतो. झालं?"

"झालं," मास्तर म्हणाले. त्या दिवशी महिन्याची तीन तारीख होती.

आता शिंपी इंजिन कसं उघडतो? तो कोट उसवतो तसं उघडतो. मास्तरांनी कापायच्या टेबलावर खाकी कागद अंथरला. निघेल तो भाग कागदावर ठेवायचा, खडूने त्याच्याभोवती रेघ मारायची, आत आकडा लिहायचा, आणि डावा की उजवा, पुढचा की मागचा, तेही लिहायचं. स्क्रू गेले बटणांच्या डब्यांत. 'कोट, मोठी' या डब्यात मोठे, 'शर्ट, पांढरी' यात बारीक. दोन दिवसांत टेबल असं दिसू लागलं, की जणू एखाद्या लोखंडी माणसाचा सूट बेतलाय.

समोरच्या गॅरेजवालीने हे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती स्कूटर दुरुस्त करायची. चाळिशीची, दणकट, आणि जिभेला हाड नाही.

"मास्तर, सगळं उघडलंत, पण हे फिरतंय का?" तिने वरचं जड चाक धरून हिसका दिला. चाक ढिम्म. "पिस्टन बसलाय."

"मग उठवा."

"बसलेल्याला उठवणं सोपं नसतं. तुमच्या वहिनींना विचारा."

प्लग काढून त्या भोकातून तिने रॉकेल आणि तेल ओतलं. रोज थोडं घालायचं आणि चाक अगदी हलक्या हाताने इकडून तिकडे दाबून बघायचं, असं सांगून गेली. इंजिनाबरोबर एक पिवळं पडलेलं पुस्तक होतं, परक्या भाषेतलं. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची भाषा तीच, म्हणून ते वाचायला वहिनी. त्यांनी चष्मा लावला, पान उलटलं आणि वाचून सांगितलं, "इथेही तेच आहे. बळ लावू नये."

हे वाचून सांगणाऱ्या बाईच तिसऱ्या दिवशी येऊन विचारू लागल्या, "झालं?"

"नाही."

"द्या तो हातोडा इकडे."

मास्तर चाकाच्या आणि वहिनींच्या मधे उभे राहिले. "वहिनी, तुम्हीच वाचलंत ना?"

"वाचणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं."

सहाव्या दिवशी सकाळी वहिनींच्या घरी फोन वाजला. पलीकडून मास्तर ओरडत होते, "वहिनी, पाव इंच! पाव इंच!"

"कुणाची कंबर?"

"चाक, वहिनी, चाक! सरकलं! टेप लावून बघितलं!"

दहाव्या दिवशी चाक पूर्ण फिरलं. मास्तरांनी ते दिवसभर येता जाता फिरवलं. शर्टाचं माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही फिरवायला लावलं.

मग ठिणगी. नवा प्लग गॅरेजवालीने दिला, आत ठिणगी पाडणारी धातूची दोन इवलीशी टोकं मास्तरांनी काचकागदाने घासून चकचकीत केली. प्लग लोखंडाला टेकवायचा, इंजिन सुरू करायची दोरी ओढायची आणि निळी ठिणगी दिसते का बघायचं. प्लगला रबरी टोपीच्या वर धरायचं की खाली, हे पुस्तकात होतं, पण वहिनी ते पान शोधेपर्यंत मास्तरांनी दोरी ओढली. ठिणगी कुणाला दिसली नाही. मास्तर मात्र सगळ्यांना दिसले. ते हातभर उडाले, आणि तोंडातल्या चारही टाचण्या आरशावर जाऊन टिणटिण वाजल्या.

"आहे," मास्तर म्हणाले. "ठिणगी आहे."

वहिनींना हसू आवरेना. त्या पुस्तकाआड हसल्या. त्यानंतर इंजिनाजवळ असताना टाचण्या उशीत टोचून ठेवायच्या, असा नियम झाला, आणि गल्लीला प्रथमच कळलं की मास्तरांना बोलता येतं. नुसतं येतं नाही, थांबवता येत नाही.

पेट्रोल जिथून फवारून आत जातं त्या पितळी तोटीचं भोक राळेसारख्या चिकट घाणीने बुजलं होतं. मास्तरांनी सुईची डबी काढली. गॅरेजवालीने त्यांचं मनगट धरलं. "सुई घालायची नाही! भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल ढोसत बसेल."

"मग?"

"तुम्हीच सांगा, सुईपेक्षा बारीक आणि मऊ काय?"

मास्तरांनी विचार केला आणि तोटी पेट्रोलमधे भिजवून तिच्यातून पारदर्शक नायलॉनचा दोरा ओवला. पहिल्या फटक्यात ओवला. गॅरेजवालीला चष्मा लावूनही ते भोक दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आपल्याकडच्या दोन स्कूटरच्या तोट्या गुपचूप मास्तरांच्या टेबलावर ठेवून गेली.

इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारी रबरी चक्री वाळून खडखडीत झाली होती. बत्तीस वर्षांपूर्वी घोडं तिथेच पेंड खात होतं. चक्री पाणी वर चढवत नव्हती आणि इंजिन तापून अडकलं होतं. मास्तरांनी टेपने तिची मापं घेतली, इंच, सूत, सगळं. गॅरेजवालीने बोटी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून त्या मापाची नवी मागवली. आली ती चपखल बसली.

राहिली ती दोन लोखंडी भागांच्या मधे बसणारी कागदी पट्टी. गॅस्केट. जुनी चुरा होऊन निघाली होती. गॅरेजवालीने जाड कागदाचा ताव आणून दिला, जुन्या तुकड्यांवरून बेतून कापा म्हणाली आणि स्वतःच्या कामाला गेली. एवढ्या महिन्यात पहिल्यांदाच मास्तरांना कुणी काही समजावून सांगितलं नाही. कापणं! ते त्यांना कोण शिकवणार? त्यांनी खडूने आकृती काढली, मोठी कात्री घेतली, आणि नियम विसरून पुन्हा ओठांत टाचण्या धरून मजेत शीळ घालायचा प्रयत्न करत सगळ्या गॅस्केट दुपारभरात कापून टाकल्या.

सत्तावीस तारखेला गॅरेजच्या अंगणात पिंप भरलं. फळीला इंजिन अडकवून त्याचा पंखा पाण्यात सोडला. दादा "सहज आलो" म्हणून आले आणि भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले. मास्तरांनी दोरी ओढली. एकदा. चारदा. आठदा. नवव्यांदा पाहुण्याने खाकरल्यासारखं केलं, निळ्या धुराचा लोट सोडला आणि असं धडधडायला लागला की पिंपातलं पाणी चौघांच्या अंगावर आलं.

गॅरेजवालीने शिट्टी मारली. मास्तर नुसते उभे होते, ओले, तोंड उघडं. दादांची घडी सुटली. ते भिंतीपासून दोन पावलं पुढे आले.

"धार कुठाय?" वहिनी म्हणाल्या. पुस्तक त्यांच्या हातात होतं. "मागच्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. गार करायला गेलेलं पाणी बाहेर पडतं ते. कुठाय?"

धार नव्हती. गॅरेजवालीने ओलं बोट लोखंडाला लावलं, चर्र झालं, आणि तिने झेप घेऊन इंजिन बंद केलं.

अंगणात तापलेल्या लोखंडाचा वास सुटला.

"तेव्हाही असंच झालं होतं," दादा म्हणाले. आवाज चढा नव्हता. चढा असता तर बरं झालं असतं. "अगदी हाच वास. राहू दे रे. एवढं केलंस, पुष्कळ झालं." आणि ते चालू लागले.

मास्तरांनी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्या तेव्हा ते टेबलापाशी उभे होते आणि गॅरेजवाली खालचा भाग उघडत होती. चक्री नवीकोरी. नळी मोकळी. मग तिने गॅस्केट उचलून उजेडात धरली.

"मास्तर, ही भोकं अशी बारीक का?"

"कुठली?"

"पाणी जायची. बोट जाईल एवढं भोक आहे लोखंडाला, आणि तुमच्या कागदात टाचणी जाईल एवढं."

"मग? माया ठेवलीय."

गॅरेजवालीने वहिनींकडे पाहिलं. "काय ठेवलीय?"

"माया," मास्तर सांगू लागले, जसं नवख्याला सांगावं. "कापताना कडेला जास्तीचं सोडायचं. बाहेरूनही आणि आतूनही. कापड आटतं, माणूस सुटतो. गळा तर नेहमी लहानच कापायचा. मोठा कधीही करता येतो, लहान नाही करता ये..."

ते मधेच थांबले. खाली वाकून त्यांनी स्वतःच कापलेलं ते भोक पाहिलं.

"मास्तर," गॅरेजवाली हळूच म्हणाली, आणि ती हळू बोललेली कुणी ऐकली नव्हती, "लोखंड आटत पण नाही आणि सुटत पण नाही. त्याला कशाला माया?"

वहिनी खुर्चीत बसून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अख्ख्या इंजिनात शिंप्याला जे येत नव्हतं ते सगळं बरोबर झालं होतं, आणि जे येत होतं तेवढ्यानेच घात केला होता. मास्तर आधी लाल झाले, मग तेही हसले. मग कात्री घेऊन बसले.

पण हात चालेना. चाळीस वर्षं ज्या हाताने कडेला अर्धा इंच सोडला, त्या हाताला रेघेवर कापायला सांगणं म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्याने जेवायला सांगणं. पहिल्या कागदात कात्री आपसूक रेघ सोडून गेली. दुसऱ्यातही. तिसऱ्या वेळी वहिनी शेजारी उभ्या राहिल्या आणि इंचाइंचाला म्हणत राहिल्या, "रेघेवर, भावजी. रेघेवर. माया नको. माया नको."

गॅस्केटला लावलेला डिंक एक दिवस वाळायला हवा, असं पुस्तक म्हणत होतं. सगळं जोडून होईपर्यंत तीस तारीख उजाडून मावळायला आली. पिंपात घालून बघायला दिवस उरला नाही. जे व्हायचं ते तळ्यातच.

एकतीसला सकाळी टेम्पो धक्क्याला लागला. हॉटेलवाला उतरला. त्याच्याबरोबर दोन हमाल आणि, माणूस उत्साही म्हणून, फुलझाडांच्या चार कुंड्यासुद्धा होत्या. गॅरेजवालीने इंजिन नावेच्या पाठीला आवळून बसवलं. दादा नावेत उतरले, जागेवर बसले आणि उजव्या हाताने दोरीची मूठ धरली.

हात खांद्याच्या वर गेलाच नाही. चेहरा पांढरा पडला. त्यांनी डाव्याने ओढली. दोरी अर्धी आली आणि सुळकन परत गेली.

"बघ," दादा म्हणाले. "इंजिन चालेल रे. मीच चालत नाही."

हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. महिनाभर सगळ्यांनी इंजिनाचा विचार केला, ते ओढायला खांदा लागतो याचा कुणी केला नाही. गॅरेजवाली पुढे झाली. पण तिच्या आधी टाचणी मास्तरांनी धक्क्याच्या कडेला बसून एक पाय खाली सोडला होता.

"भावजी?" वहिनी म्हणाल्या.

"बोलू नका, वहिनी. बोललात तर पाय वर घेईन."

ते नावेत उतरले आणि मधल्या फळीवर बसले, परीक्षेला बसतात तसे, पाठ ताठ, दोन्ही हातांनी फळी धरून. मग एक हात सोडला. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा. काही नाही. इंजिनाने एक उचकी दिली आणि गप्प.

हॉटेलवाल्याने घड्याळ पाहिलं. हमालांनी नाव ओढून घ्यायला टेम्पोतून दोर काढला.

वहिनी पानं उलटत होत्या. एरवी धीर नसलेल्या या बाईने ते पुस्तक चारदा शेवटपर्यंत वाचलं होतं, आणि आता हवी ती ओळ सापडेना. सापडली. "भावजी! टाकीचं झाकण! झाकणावर हवेचा स्क्रू आहे, तो सैल करा! हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल खाली उतरत नाही!"

मास्तरांनी स्क्रू सैल केला. टाकीने हुश्श केलं. त्यांनी दोरी ओढली आणि पाहुणा बोलला. खोकला नाही, खाकरला नाही, सरळ बोलायला लागला, आणि मागच्या भोकातून पाण्याची धार पडू लागली. शिवणीच्या दोऱ्याएवढी बारीक, पण अखंड.

"धार!" मास्तर ओरडले. "दादा, धार!"

दादा धारेकडे बघत नव्हते. त्यांनी डावा हात इंजिनाच्या दांडीवर ठेवला होता, आणि पायाच्या अंगठ्याने धक्क्यावरच्या खुंट्याची दोरी अलगद सोडवली होती. मास्तरांच्या ध्यानात आलं तोवर धक्का आणि नाव यांच्यात चार हात पाणी होतं.

"दादा, मला उतरायचंय!"

"उतर की," दादा म्हणाले.

हॉटेलवाला कडेला धावला. "अहो, माझी नाव!"

"तुमची कशी?" वहिनी म्हणाल्या. "काय ठरलं होतं?"

"इंजिन चालू झालं तर नाही, असं ठरलं होतं."

"मग आवाज येतोय ना?"

तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला. आवाज तळ्याच्या मध्यापर्यंत गेला होता. "मग मी फुलं कशात लावू?"

"जमिनीत लावा," वहिनी म्हणाल्या.

अर्ध्या तासाने नाव परत आली. मास्तर रंगाने इंजिनासारखे हिरवे झाले होते. गॅरेजवालीने हात देऊन त्यांना वर घेतलं. "वहिनी," ते म्हणाले, "धार एकदाही तुटली नाही. मी सगळा वेळ तिच्याकडेच बघत होतो." दादा घरी आले, जेवले, पुन्हा वाढून घेतलं, आणि पँटची कंबर घट्ट होते म्हणून तक्रार केली.

तर भावजी, अशी तुमची गोष्ट. आता परकेपणा पुरे, थेट तुमच्याशीच बोलते.

दादांचा खांदा दोरी ओढायला कधीच यायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे नाव काढायची तर तुम्ही हवेत. तुम्ही गुरुवारी दुकान बंद ठेवता आणि दोघे जाता. पहिल्या गुरुवारी मी तुम्हाला सांगितलं, पलीकडच्या काठाला रोपवाटिका आहे, तिथून लिंबाचं एक रोप आणा. तुम्ही हो म्हणालात. परत आलात रिकाम्या हाताने. रोपवाटिका बंद होती म्हणालात. दुसऱ्या गुरुवारी बंद. तिसऱ्या गुरुवारी बंद. असे सात गुरुवार झाले.

मी घरातूनच ऐकते, भावजी. इंजिन सुरू होतं, पाच मिनिटं आवाज जातो, आणि तळ्याच्या मधोमध बंद पडतो. बंद पडत नाही, तुम्ही बंद करता. मग तास दीड तास काही नाही. मग पुन्हा सुरू होतं आणि इकडे येतं. पलीकडच्या काठाला अजून तुमच्यापैकी कुणाचा पाय लागलेला नाही. तिथे मधे थांबून काय करता, असं मी तुमच्या भावाला विचारलं. "काही नाही, बसतो," म्हणाले. जन्मभर पाण्याला पाठ करून बसलेला माणूस तिथे तास दीड तास बसतो!

रोपवाटिकेत मी काल फोन केला. ती सोमवारी बंद असते.